चार भेटी

"चार भेटी, मिस्टर तुस्कानो," कस्तुरी म्हणाली. "चारही एकाच मंत्र्यांच्या ऑफिसात. आणि आमच्या रजिस्टरमध्ये तुमचं नाव एकदाही नाही."

जेरोम तुस्कानो खुर्चीत आरामात रेलून बसला. बुटांवर, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाचे पांढरे डाग होते. त्याने सोबत वकील आणला नव्हता. ते कस्तुरीला आल्याआल्या खटकलं होतं. इतका निर्धास्त कसा?

पैसे घेऊन कुणासाठी सरकारकडे शब्द टाकायचा, तर आधी नोंदणी करायची, असा कायदा. तो पाळला जातो की नाही हे बघणाऱ्या टोरोंटोतल्या ऑफिसात कस्तुरी सहा वर्षं वकील होती. नोव्हेंबरपासून तिथली प्रमुख. ही तिची त्या खुर्चीतली पहिली मोठी चौकशी.

भेटी सप्टेंबरातल्या. त्याच सुमारास एका हायवेचं कंत्राट तीन कंपन्यांना मिळालं होतं. तिन्ही जेरोमच्या क्लायंट. भेटींची टिपणं मागवली, तर मंत्र्यांच्या ऑफिसातून फोन आला, टिपणं ठेवलेलीच नाहीत. फोनवरची बाई कस्तुरीशी नको तितकी गोड बोलली. तिथेच तिचा संशय पक्का झाला.

"हायवेबद्दल काय बोलणं झालं?"

"एक शब्दही नाही."

"मग कशाबद्दल?"

जेरोमने मेलनीकडे पाहिलं. मेलनी ऑफिसातली ज्युनियर. लॅपटॉपवर सगळं टिपून घेत होती. रेकॉर्डर चालू होता. इतका वेळ इंग्रजीत बोलणारा जेरोम एकदम मराठीत आला, वसईच्या हेलात.

"मॅडम, हिला जरा बाहेर पाठवा."

"इंग्लिशमध्ये बोला. रेकॉर्ड होतंय."

"होऊ द्या. हिला कळत नाही, आणि ते परत ऐकतंय कोण? तुमच्याच भल्याचं सांगतोय."

ओळख काढून निसटू पाहणारी माणसं कस्तुरीने पुष्कळ पाहिली होती. "मी तुमची गाववाली नाही," ती म्हणाली, आणि आपणही मराठीत बोललो हे तिच्या उशिरा लक्षात आलं. "भेटी कशासाठी होत्या?"

"तुमच्यासाठी."

कस्तुरीने हातातलं पेन खाली ठेवलं.

"तुमची ही पोस्ट तेव्हा रिकामी होती. नावं दोन. तुमचं आणि डेस्मंडचं. माझ्या क्लायंट्सना डेस्मंड नको होता. म्हणून मी तुमच्यासाठी चारदा शब्द टाकला."

डेस्मंड शेजारच्याच केबिनमध्ये बसायचा. तिला आठ वर्षांनी सिनियर. नेमणूक जाहीर झाली तेव्हा सगळ्यांत आधी येऊन त्याने तिचा हात हातात घेतला होता.

"मी आजवर कुणाची कॉफीसुद्धा घेतलेली नाही," कस्तुरी म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

"माहीत आहे. तुम्ही ऑनेस्ट आहात. त्याचा त्यांना काही त्रास नाही."

"मग मीच का?"

"सहा वर्षांत दंड किती जणांना केलात?"

एकालाही नाही. ती पत्र पाठवायची. मुदत द्यायची. मुदत संपली की पुन्हा पत्र. यालाच ती समजूतदारपणा म्हणायची. वर्षअखेरच्या रिपोर्टमध्येही तसंच लिहायची.

"डेस्मंडचं पत्र आलं की लोक वकील शोधतात," जेरोम म्हणाला. त्याच्या बोलण्यात कुजकेपणा नव्हता. "तुमचं आलं की ड्रॉवरमध्ये टाकतात."

 मेलनीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"यातलं काही नोंदवायचं आहे का?" तिने इंग्रजीत विचारलं.

'नाही' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. जेरोम त्याचीच वाट बघत होता. त्याने कोटाची बटणं लावायलाही घेतली होती.

"सगळं," कस्तुरी म्हणाली. "मी भाषांतर सांगते, तू लिही. आणि ही चौकशी उद्यापासून बाहेरच्या वकिलाकडे जाईल. मी आता यात साक्षीदार आहे."

जेरोमचा हात बटणावरच थांबला.

ती एकेक वाक्य सांगत गेली. डेस्मंडचं सांगितलं, क्लायंट्सचं सांगितलं. ड्रॉवरचं वाक्य सांगून झाल्यावर ती उठली आणि मेलनीने ते जसंच्या तसं लिहिलंय ना, हे तिने वाकून पाहिलं.