हिरव्या काठाची झोळी

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात महिला मंडळ काढायचं म्हणून आम्ही चौघी कुरखेड्याहून पायीच गावं घेत निघालो. माझी आठ महिन्यांची विशाखा कडेवर होती. पहिल्या गावाबाहेर मोहाच्या झाडाला लुगड्याची झोळी बांधून तिला निजवलं. निघताना झोळी सोडून खांद्यावर टाकली.

वाट दाखवणारी बुधरीबाई म्हणाली, "नाव घेऊन हाक मार वं. 'चल घरी' म्हण. नाई तं लेकरू इथीच राह्यते."

"राह्यते कशी? कडेवर तं हाये!" मी हसले.

दुसऱ्या गावाबाहेरच्या मोहालाही झोळी टांगलेली होती. हिरव्या काठाची, माझ्याच लुगड्याची. माझं लुगडं तर माझ्या खांद्यावर होतं.

"चाला, मांगं पाहू नका," बुधरीबाई म्हणाली.

तिसऱ्या गावाबाहेर तीच झोळी हलत होती. आतून रडू येत होतं. ते ऐकताच माझ्या छातीतून दूध पाझरलं. कडेवरची पोर मात्र गाढ झोपलेली.

"आता तरी हाक मार," बुधरीबाई कुजबुजली.

"विशाखा, चल घरी."

झोळीतलं रडू थांबलं. आणि कडेवरच्या पोरीनं, डोळे न उघडताच, माझ्या गळ्यातले हात आवळायला सुरुवात केली.