न चढवलेली स्टेपनी

टायरच्या बाबतीत मी चोख माणूस. दर सोमवारी हवा तपासतो, वळणावर वेग आवरतो. म्हणून भाट्ये ते जयगड रोज ये-जा करूनही माझे चारही टायर नव्यासारखे आहेत.

झिजते ती फक्त डिकीतली स्टेपनी.

ती मी एकदाही चढवलेली नाही. तरी तिच्या खाचांत ओला तांबडा चिखल असतो. पंक्चरवाल्या सागरने ती हातावर फिरवून पाहिली.

"दादा, ही पार गुळगुळीत झालीय. बदला हिला."

घरी बायकोला, संध्याला, सांगितलं. ती हसली. "झिजूंदे हो. आपले चार तर बरे आहेत ना?"

मलाही ते पटलं.

परवा दुपारी तिला जयगडहून, माहेराहून आणत होतो. पाऊस कोसळत होता. घाटातल्या वळणावर समोरचा ट्रक एकदम आमच्या बाजूला आला. मी ब्रेक दाबला, टायरांनी रस्ता धरून ठेवला, आणि ट्रक शेजारून निघून गेला. पुढे आम्ही थांबून गरम भजी घेतली आणि ती खात मजेत घरी आलो.

अंगणात सामान काढायला डिकी उघडली. स्टेपनी फुटली होती. हात लावला तर चटका बसला.

रबरात काचा रुतल्या होत्या. त्यांत हिरव्या बांगडीचा एक तुकडा होता, सोनेरी ठिपक्यांचा.

संध्याच्या हातातल्या सगळ्या बांगड्या शाबूत होत्या. तरी तिने तो तुकडा मनगटाशी धरून पाहिला. ठिपके तेच.

"अहो," ती हलकेच म्हणाली, "नवी स्टेपनी आजच टाकून घ्या."