सोजरबाई नाव घेते

"मंग ही दाराले आतून कुलूप लावते," चंपतराव सांगत होते. "आन् किल्ली आपल्या कमरेले बांधते. मी का दावणीचं ढोर हाओ?"

डॉक्टरीणबाई तरुण होती, तेलुगू. मराठी तिला अर्धंमुर्धं कळे. बाजूला संगणकावर बसलेले दवाखान्यातले कारकून यशवंतराव तिला एकेक वाक्य तेलुगूत सांगत आणि सांगता सांगता टंकत. सोजरबाई स्टुलावर डोक्यावर पदर घेऊन बसली होती. नवऱ्याच्या धोतराचा सोगा तिने मुठीत धरला होता.

"हे पाहा," चंपतराव म्हणाले, "जत्रेतल्या लेकरावानी धरून ठेवते. बजारात माह्यापुढं चालते. सारा जलम मांगून चालली, आता हात धरून पुढं. लोक हासून राह्यले."

"आणखी?" यशवंतरावांनी विचारलं.

"मले चुलीपाशी जाऊ देत नाही. काडीपेटी लपवते. सकाळी उठलो का इचारते, आज वार कोन्ता? सांगतलं तरी पुन्हा इचारते." चंपतरावांनी आवाज खाली आणला. "आन् सगळ्यात वाईट म्हंजे माहं नाव घेते. लग्नातला उखाणा सोडला तं तिच्या तोंडून कधी नाव ऐकलं नव्हतं. आता चारचौघात, पाणी देतानी, जेवतानी, चंपतराव, चंपतराव. शेजारची बयनाबाई म्हणते, हिच्या अंगात काईतरी शिरलं."

यशवंतराव हसले. "माही बायको तं मले शिव्या देऊनच हाक मारते. तिलेबी आणू का उद्या?"

सोजरबाई हसली नाही.

डॉक्टरीणबाईने तिला नाव विचारलं, वार विचारला, मुलंबाळं विचारली. तिने सगळं नीट सांगितलं. एकच पोरगी, ती किनवटला दिलेली. घरी दोघंच.

"जिल्हा?" यशवंतरावांनी टंकता टंकता विचारलं.

"आदिलाबाद," चंपतरावच मध्ये बोलले.

"निर्मल," सोजरबाई हळूच म्हणाली. "दसऱ्यापासून निर्मल."

"त्याईचं काई चुकलं नाही, मावशी," यशवंतराव म्हणाले. "सरकारनं एका जिल्ह्याचे चार केले. मलेच सकाळी उठून आठवा लागते, आपण कोन्त्या जिल्ह्यात झोपलो होतो." मग खुर्ची तिच्याकडे वळवून त्यांनी विचारलं, "पण तुमी असं काऊन करता? कुलूप काऊन लावता?"

सोजरबाईने नवऱ्याकडे पाहिलं. ते तिच्याकडेच पाहत होते. तिचे ओठ हलले आणि मिटले. तिने पदर आणखी पुढे ओढला.

"मले काई नाही झालं," ती म्हणाली. "घरी जाऊ द्या."

"कारण तं सांगा."

डॉक्टरीणबाईनेही एकदा समजावून विचारलं. सोजरबाई फरशीकडे पाहत राहिली.

रक्त तपासून झालं होतं, डोक्याचा फोटोही निघाला होता. कशातच काही सापडलं नव्हतं. पण आजाराचा रकाना रिकामा ठेवता येत नव्हता. जिल्हे फुटल्यापासून एकेक कागद नव्या जिल्ह्याच्या खात्यात घालायचा होता, आणि आजाराचा नंबर टाकल्याशिवाय संगणक कागद पुढे सोडतच नसे. यशवंतरावांनी यादी वरखाली केली. एका ओळीपाशी थांबून त्यांनी डॉक्टरीणबाईला दाखवली. तिने मान हलवली.

"आर शेहेचाळीस पॉइंट दोन," यशवंतराव म्हणाले. "विचित्र आणि अनाकलनीय वर्तन."

"म्हंजे काय?" चंपतरावांनी विचारलं.

"म्हंजे आमालेबी नाही समजलं, बाबा. आठवडाभर इथं ठेवून पाहू. नाहीच समजलं तं हैदराबादले पाठवा लागन."

सोजरबाई स्टुलावरून उठली ती सरळ डॉक्टरीणबाईच्या पायांवर पडली. "मले ठेवू नका, बाई. तुमच्या पाया पडते. हे घरी एकटे कसे राहतीन?"

डॉक्टरीणबाईने तिला उठवलं. ती यशवंतरावांना तेलुगूत काही म्हणाली.

"बाई म्हणतात, डोकं फिरलं तरी जीव नवऱ्यातच हाये," यशवंतरावांनी सांगितलं.

चंपतरावांना लाजल्यासारखं झालं. "मी का लहान हाओ? राहीन की," ते म्हणाले. दारापर्यंत गेले आणि परत फिरले. "बाई, एक सांगाचं राहूनच गेलं. ही माहं नाव घेते. चारचौघात."

"लिवलं हाये, बाबा," यशवंतराव मान वर न करता म्हणाले.

"लिवलं? बरं झालं."

बायकांच्या वॉर्डात पुरुषांना जाता येत नव्हतं. सोजरबाईने पुन्हा मुठीत धरलेला धोतराचा सोगा नर्सने सोडवला. एकेक बोट उघडावं लागलं. वऱ्हांड्याच्या टोकापर्यंत ती मुकाट्याने गेली. तिथे मात्र वळली आणि शाळेतल्या मास्तरासारखी मोठ्याने, सावकाश ओरडली, "चंपतराव! चंपतराव! चंपतराव!"

औषधाच्या रांगेतली माणसं हसली. चंपतराव मान खाली घालून भराभर बाहेर पडले.

दुपारी ते बस स्टँडवरच्या बाकावर, एका कडेला बसले होते. निर्मलची गाडी लागली आणि गेली. भैंशाची लागली, तीही गेली. उतारू पाहत, येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघून हसत ते बसून राहिले. ऊन पायांवर आलं तरी त्यांनी जागा बदलली नाही. शेवटी एक कंडक्टर जवळ आला.

"किधर जाना है, बाबा?"

"घरी."

"घर कोणत्या गावाला?" मराठी ऐकून तोही मराठीत बोलला.

चंपतरावांनी उभ्या असलेल्या गाड्यांकडे पाहिलं. सगळ्यांवरची अक्षरं तेलुगू होती. ते हसले.

"बरं, गाव राहू द्या. तुमचं नाव काय?"

म्हाताऱ्याने तोंड उघडलं, मिटलं, आणि आता ती सांगेल म्हणून बाकावरच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिला.