उजवी पाकळी

“हा देह पोर्तुगीज होणे नाही!” अशी गर्जना पुंडलिकबाबांनी केली आणि नातवाने आणलेला अर्ज खिशात घालून ते देवाला कौल लावायला निघाले. गोवा मुक्त होण्याआधी जन्मलेले घरात तेवढेच उरले होते. त्यांनी लिस्बनला नाव नोंदवलं, तरच नातवाला पोर्तुगालचा पासपोर्ट मिळणार होता.

भटजींनी मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार. पुंडलिकबाब निर्धास्त होते. पोर्तुगीज देवळं पाडू लागले तेव्हा देव स्वतःच त्यांना भिऊन नदीपलीकडून पळून आलेला. तो कशाला हो म्हणतोय!

समईच्या उजेडात काळ्या पाषाणाच्या जागी त्यांना वडिलांची पाठ दिसली, पोर्तुगिजांच्या तुरुंगात चाबकाने सोललेली. पाठ किंचित हलली. उजवी पाकळी पडली.

“आजोबा, देव हो म्हणाला!” नातू ओरडला.

“भटजी,” पुंडलिकबाब हळूच म्हणाले, “दुसरी लावता का? हिला पाणी कमी पडलं.”