बोंबलांबरोबरची रीझलिंग

"ह्या वाइनपेक्षा कैरी चावलेली परवडली," दिगूमामा हेमांगीच्या कानाशी पुटपुटला. मग घोट काढ्यासारखा गिळून तो आईकडे बघत छान हसला.

बाबा तरुणपणी दोन वर्षं जर्मनीत कारखान्यात होते. येताना त्यांनी तिथून वेळेवर जेवायची खोड आणि या बिनगोड रीझलिंगची आवड आणली. "रव्यात तळलेल्या बोंबलांशी हिची पत्रिका छत्तीस गुणांनी जुळते," म्हणायचे. कोथिंबीरवडीही चालायची. पुरणपोळीबरोबर मात्र एकदाच प्यायले आणि ती सोयरीक त्यांनी ताटावरच मोडली.

ते गेल्यापासून त्यांच्या वाढदिवसाला हेमांगी दुकानं पालथी घालून तीच बाटली आणायची, आई बोंबील तळायची आणि सगळे तोंड वाकडं न करता प्यायचे. बाटली थांबली तर बाबांचा वाढदिवसही थांबेल, अशी हेमांगीला धास्ती होती.

हे चौथं वर्ष. ती आईला वाढायला वाकली, तर आईने ग्लासवर हातच ठेवला.

"मला नको गं. मला ही कधीच आवडली नाही."

मामाचा घास हातातच राहिला.

"मी पहिला घोट घेतला की हे माझ्या तोंडाकडे टक लावून बसायचे, दहावीचा निकाल लागणार असल्यासारखे. तो चेहरा बघायला पस्तीस वर्षं प्यायले, हेमा. आता ते नाहीतच, तर कशाला प्यायची?"