चारपर्यंत

मिस्त्रींनी पिशवी दारातच ठेवली. पिशवीत थापी, दोन ब्रश आणि जेवणाचा डबा होता. डबा त्यांनी घासून आणला होता. ते आत आले आणि मागोमाग पावसाची सर आली.

ताई पलंगाच्या कडेला बसली होती. तिचा धाकटा भाऊ लोकांच्या गच्च्यांची गळती बंद करायची कामं घ्यायचा. तीन दिवसांपूर्वी अशाच एका गच्चीवर वीज पडून तो गेला. पिशवी त्याचीच होती आणि मिस्त्री त्याच्याच हाताखाली काम करायचे. आणि विजांचे इशारे लोकांच्या मोबाइलवर पाठवणं हे ताईचंच काम. हवामान कार्यालयात बसून ती पुढच्या दोन-तीन तासांचं आभाळ बघायची आणि दोन ओळी लिहायची. भाऊ तिला ढगबाई म्हणायचा.

“शेठनी ऐकलं नसतं तर गोष्ट वेगळी,” मिस्त्री म्हणाले. “पण ऐकलं हो त्यांनी. मेसेज आला तसं आम्हा सगळ्यांना खाली आणलं. पुढे पाऊस थांबला, ऊनही पडलं. घरमालक सारखा मागे लागलेला, काम कधी उरकणार म्हणून. शेठ जागचे हलले नाहीत. म्हणाले, ताईने चारपर्यंत लिहिलंय, चारपर्यंत बसायचं. चार वाजले आणि एकटेच वर गेले. जाताना हसले. म्हणाले, ढगबाईने सोडलं एकदाचं.”

भावजय स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. “माझं कधी एवढं ऐकलं नाही,” ती म्हणाली.

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, उलट कौतुकच होतं, आणि तेच ताईला सोसेना. कुणी चार शब्द सुनावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

कारण त्या दिवशी पावणेचारला तिने पडद्यावर पाहिलं होतं. ढग पुढे सरकला होता, पण त्याची शेपटी अजून शहरावर होती आणि तिच्यात मधूनच एखादी वीज चमकत होती. “मुदत वाढवून आणखी एक मेसेज टाकायचा का?” शेजारच्या सहकाऱ्याने विचारलं. ताईला सकाळी फोनवर बोललेला भाऊ आठवला. “जरा कमी पाठव गं ढगबाई. लोक वैतागलेत. मीसुद्धा.” नेहमीसारखी चेष्टाच केली होती त्याने. पण ती तिला लागली होती. “राहू दे,” ती सहकाऱ्याला म्हणाली. “विरतच आलाय.”

चारनंतर खुशाल बाहेर पडा, असं तिने कुठे लिहिलं होतं? नव्हतंच लिहिलं. पडू नका, असंही नव्हतं लिहिलं.

“दुसरा मेसेज पाठवायला हवा होता मी,” ती म्हणाली. “मला दिसत होतं. मीच नाही पाठवला.”

मिस्त्री समजूत घालावी तसे म्हणाले, “तुम्ही तरी किती पाठवणार, ताई? लोक कंटाळतात.”

ताईने मान खाली घातली.

बाहेरची सर ओसरली. खिडकीतून ऊन आत आलं तसे मिस्त्री गुडघ्यांवर हात टेकून उठले. “उघडलंय, निघतो.” तेवढ्यात लांब कुठेतरी गुरगुरलं. वरच्या मजल्यावर कुणी कपाट सरकवावं तेवढंच.

भावजय दारापाशी गेली आणि कडीवर हात ठेवून वळली. “ताई, जाऊ द्यायचं का यांना?”

ताई उठून खिडकीशी गेली आणि तिने आभाळ पाहिलं. अर्ध्याहून अधिक निळं झालं होतं.

“बसा अजून.”

“किती वाजेपर्यंत?”

आकडा ताईच्या अगदी ओठांवर आला होता. तिने तो गिळला.

“मी सांगेन,” ती म्हणाली. “मी सांगेपर्यंत कुणी बाहेर जायचं नाही.” आणि ती आभाळावरची नजर न काढता तिथेच उभी राहिली.

मिस्त्री परत खाली टेकले. अंगणात लख्ख ऊन होतं. दोरीवर भावाचा डांबराचे डाग पडलेला शर्ट निथळत होता. भावजयीने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि दार लावून घेतलं.