हेनामवालीचं छप्पर

"माझ्या बापाच्या पुढ्यात तुमच्या हातचं नको," असं म्हणत तेगुननं वाडगं हिसकावून घेतलं आणि आतला आंबवलेला मासा अंगणात पालथा केला. त्याचा उग्र वास घरभर पसरला. बापाचा सगळ्यात आवडता मासा तो.

हेनामवालीनं रिकामं वाडगं उचलून घेतलं. हेनामहून लग्न होऊन या बेटावर आली, म्हणून गाव तिला याच नावानं ओळखायचं. ऐंशीला टेकलेली ती म्हातारी खाली बसली आणि एकेक तुकडा उचलून वाडग्यात टाकू लागली.

"वाडगं घेऊन जा. परत या दारात येऊ नका."

पूर्वी तो तिला काकू म्हणायचा.

आत सगळं गाव जमलं होतं. तेगुनच्या बापाला, छुनबोकला, जाऊन एकोणपन्नास दिवस झाले होते. आज शेवटचा विधी. ज्याला त्याला छुनबोकबद्दलच बोलायचं होतं.

"मला कळा सुरू झालेल्या, डॉक्टर पलीकडच्या बेटावर," मिठागराजवळची बाई सांगत होती. "एकही नावाडी तयार होईना. हा मात्र लाटांना शिव्या घालत निघाला. पोरगी बोटीतच झाली. मग म्हणतो, नाव मीच ठेवणार."

"आणि ठेवलं काय, तर बोटीचंच," तिचा नवरा म्हणाला. सगळे हसले.

कुणाचं दार निखळलं, कुणाचा पंप बिघडला, तर छुनबोक न बोलावता हजर व्हायचा. वर घरमालकालाच सुनावायचा, "हे घर आहे का कोंबड्यांचं खुराडं?" त्याचं ऐकून घेण्यातही लोकांना आपलेपणा वाटायचा.

तेगुनला हे हसणं सहन होत नव्हतं. असा माणूस, सत्तरीचा, शेजारणीच्या छपरावरून पडून मरतो. तेही छुसॉकच्या, बाहेरगावची पोरं घरी परततात त्या सणाच्या तोंडावर. तेगुन बुसानच्या गोदीत कामाला; तिथं ऐनवेळी काम निघालं आणि त्याचं येणं लांबलं. तो पोचला तोवर बापाला कफनात गुंडाळलेलं होतं. हेनामवाली उशाशी बसली होती.

"मीच बोलावलं," ती म्हणाली होती. "छप्पर गळत होतं."

तिथंच, सगळ्यांसमोर, त्यानं तिला खुनी म्हटलं होतं. त्या दिवसापासून गाव तिच्याशी तुटक वागू लागलं. यंदा सगळ्यांनी मिळून किमचीचं लोणचं घालायलाही तिला कुणी बोलावलं नाही. एकटीच आपल्या अंगणात कोबी मिठात घालत बसली.

"जरा जास्तच बोललास तू," गावप्रमुख ओ म्हणाला. त्यानं तेगुनच्या पेल्यात तांदळाची दारू ओतली. "भावाबहिणीसारखी होती रे दोघं."

"बहीण सत्तरीच्या भावाला छपरावर चढवते?"

"तेच मला कळत नाही." ओ थोडा घुटमळला. "तिचं छप्पर वसंतात आम्ही सगळ्यांनी मिळून नवं केलं. एकूण एक पत्रा तुझ्या बापानं स्वतः ठोकला. ते गळेल कसं?"

तेगुन ताडकन उठला. म्हणजे म्हातारी खोटंही बोलली होती.

तिचं घर चढावर, सगळ्यांत उंच होतं. ती पायरीवर बसून मासा धूत होती.

"कुठं गळत होतं?"

"मागच्या बाजूला." तिनं मान वर केली नाही.

"दाखवा."

"आता नाही गळत."

"गळतच नव्हतं. कशाला चढवलंत त्याला? मिरच्या वाळत घालायला? मांजर उतरवायला? फुकटचा गडी मिळाला होता ना तुम्हाला."

"गळत होतं म्हटलं ना."

तेगुननं भिंतीकडेची शिडी ओढून उभी केली. तिनं त्याची बाही धरली.

"नको चढूस, तेगुन. पाया पडते तुझ्या."

त्यानं हात झटकला आणि तो वर गेला.

एकही खिळा ढिला नव्हता. एकाही सांध्यात फट नव्हती. बापाच्या हातचं काम ते. तेगुननं संतापून पत्र्यावर लाथ घातली; सगळं छप्पर दणाणलं. चालत चालत तो पुढच्या कडेपर्यंत आला. खाली त्यांचं घर दिसत होतं, त्यापुढं समुद्रशेवाळाची नवी गोदामं, आणि त्याच्याही पलीकडे धक्का. घरातून धक्का आता दिसायचा नाही, गोदामं आड यायची. इथून मात्र बोटीतून उतरणारा माणूस अन् माणूस ओळखू येत होता.

तेगुनला त्या धक्क्याशी काही घेणंदेणं नव्हतं. तो कडेवरून खाली वाकला.

"शेवटचं विचारतो. माझा बाप इथं काय करत होता?"

हेनामवालीचा चेहरा पांढराफटक पडला. त्याला झेलायला म्हणून की काय, दोन्ही हात पसरून ती भिंतीशी आली.

"मागं हो, बाळा," ती म्हणाली. "तोही असाच वाकला होता. सगळे उतरले, बोट रिकामी झाली, तरी म्हणत होता, थांब, अजून कुणीतरी आत असेल. तूच ना त्याला फोनवर म्हणाला होतास, दुपारच्या बोटीनं येतो?"